पाहुण्यांची वही

आमच्या डायव्हिंग क्लबच्या शेडमध्ये दोन वस्तूंना म्हाताऱ्या सेल्विनला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एक भिंतीवरचा बोर्ड आणि दुसरी पाहुण्यांची वही. कॉम्प्रेसर बिघडला तर कोणीही पाना घेऊन त्याला भिडतो, चहाची किटली तर मीच आजवर तीनदा बदलली. पण या दोन गोष्टींच्या वाटेला जायचं नाही.

बोर्ड म्हणजे एका मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या. १९७९ साली सेल्विनने त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने ‘रहिवासी’ असं लिहिलं आणि त्याखाली आमच्या खाडीत बारा महिने राहणाऱ्यांची यादी केली. सगळ्यात वर राक्षसी केल्प, म्हणजे पाण्याखाली झाडासारखं उंच वाढणारं शेवाळ, मग समुद्री ड्रॅगन, शेवंड, अॅबलोन नावाचा शिंपला, ढेरपोट्या समुद्रघोडा, असे एकूण बावीस. शेवटी एका नावापुरती फळी उरली, ती तशीच राहिली. त्यानंतर त्या बोर्डावर एक नाव चढलं नाही की एक उतरलं नाही.

वही त्याने बंद पडलेल्या एका गेस्ट हाउसमधून आणली होती. माणसांसाठी छापलेली वही, रकानेही माणसांचेच: नाव, कुठून आले, आगमन, प्रस्थान. दर उन्हाळ्यात उत्तरेकडून गरम प्रवाह खाली येतो आणि त्याच्याबरोबर कोरल समुद्रातल्या माशांची वाट चुकलेली पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानियाच्या आमच्या या कोपऱ्यात येऊन पडतात. त्यांची नोंद सेल्विन या वहीत करतो. एप्रिल-मेपर्यंत ती धक्क्याच्या खांबांभोवती बागडतात. मग पाणी गार होतं आणि एक एक करून ती दिसेनाशी होतात. ती मरतात हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, पण वहीत तसं कोणी लिहीत नाही. वहीत ‘प्रस्थान’ एवढंच.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर सेल्विनच्या हातचे तीन नियम आहेत. दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही. सलग तीन रविवार न दिसल्यास प्रस्थान. आणि हिवाळा काढून एक सप्टेंबरला जो हजर असेल तो पाहुणा नव्हे, त्याचं नाव बोर्डावर. या तिसऱ्या नियमाची गरज पंचेचाळीस वर्षांत कधी पडली नव्हती.

मी स्वतः उत्तरेकडचीच. टाउन्सव्हिलची. रॉसच्या प्रेमात पडले आणि १९९३ साली त्याच्या मागोमाग या थंड गावात आले. तेव्हापासून, आंब्यांच्या मुलखातली म्हणून, गावात माझं नाव मँगो. लिनेट म्हणून मला फक्त दातांचा डॉक्टर हाक मारतो. एकतीस वर्षं मी इथे राहिले, दोन मुलं इथल्या शाळेत घातली, सासूचं शेवटची दोन वर्षं सगळं केलं, क्लबच्या हवेच्या टाक्या भरून भरून माझा उजवा खांदा गेला. तरी मागच्या वर्षी धक्क्याच्या दुरुस्तीच्या सभेत मी तोंड उघडलं, तर मागून कोणीतरी म्हणालं, “आधी इथल्या लोकांना बोलू दे.” मी हसून खाली बसले. घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटली. मला वाईट वाटतं, आणि ते मी कोणाला सांगत नाही.

बोर्डाबद्दलही एक जुनी जखम आहे. २००२ साली त्याचा रंग उडायला लागला होता म्हणून मी व्हार्निशचा डबा घेऊन स्टुलावर चढले. सेल्विन दारातूनच ओरडला, “उतर खाली. ते रहिवाशांचं काम आहे.” तो गमतीत बोलला की खरंच, हे मला कधी कळलं नाही. मी उतरले.

यंदा अकरा फेब्रुवारीच्या रविवारी मी आणि ट्रिश धक्क्याखाली उतरलो. ट्रिश आमच्या गावचं पोस्ट चालवते, माझी पाण्यातली जोडीदार. तिसऱ्या खांबावरच्या कालवांमध्ये काहीतरी पिवळं चमकलं. पन्नास सेंटच्या नाण्याएवढं पिल्लू, डोळ्यावरून काळी पट्टी, पाठीच्या टोकाला काळा ठिपका. फुलपाखरू मासा. लहानपणी मी गुडघाभर पाण्यात उभी राहून हे मासे बघायची. गार, हिरवट पाण्यात तो एवढासा जीव आपल्याच अंगणात असल्यासारखा टोच मारत हिंडत होता, आणि मला चक्क रडू आलं. मास्कमध्ये रडणं फार गैरसोयीचं असतं.

वर आल्यावर सेल्विनने वही मांडीवर घेतली. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, पाण्यात उतरून त्याला दहा वर्षं झाली, पण रविवारी सगळ्यांच्या आधी तो शेडमध्ये हजर.

“ठिपका कुठे होता?” त्याने ट्रिशला विचारलं.

“पाठीच्या टोकाला.”

“मँगोला नाही विचारलं, तुला विचारलं. मँगोला पिवळं दिसलं की सगळं आपलंच वाटतं.”

“मीच बोलतेय, सेल्विन,” ट्रिश म्हणाली. “चष्मा पूस.”

त्याने ‘कुठून आले’च्या रकान्यात लिहिलं, ‘मँगोच्या गावचा’. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मेपर्यंत काढेल. तब्येत बरी दिसते.”

मी म्हणाले, “बघू की.”

त्या वेळी मी सहज बोलले. पण पुढच्या रविवारी पाण्यात उतरताना माझ्या लक्षात आलं की मी रात्रभर त्याचाच विचार करत होते. हा राहिला पाहिजे. एवढा एक हिवाळा याने काढला पाहिजे आणि त्या म्हाताऱ्याला त्याचं नाव बोर्डावर लिहावं लागलं पाहिजे. हे का, ते मला चांगलं कळत होतं. आरशात बघून कबूल करायची तेवढी लाज वाटत होती.

मार्चमध्ये वहीत सात पाहुणे होते. मे संपता संपता सहा गेले. जून लागला तेव्हा पाण्याचा पारा चौदावर होता आणि तिसऱ्या खांबावर फक्त कालवं होती. पहिल्या रविवारी दिसला नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही एकूण एक खांब पाहिला. तिसऱ्या रविवारी, सोळा जूनला, ट्रिशने पाण्याखालीच माझा दंड दाबला आणि वर चलायची खूण केली.

सेल्विनने पेनाचं टोपण काढलं, रकान्यात तारीख टाकली आणि वही मिटली. मग माझ्यासमोर चहाचा मग सरकवला. त्यात त्याने दोन चमचे साखर घातली होती. मी साखर घेत नाही, पण प्यायले.

रात्री जेवताना रॉस आपलं नेहमीचं रडगाणं गात होता. रॉस धक्क्यावरचा बर्फाचा कारखाना बघतो, बोटींना बर्फ पुरवतो.

“बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पुन्हा कालवांनी भरलंय,” तो म्हणाला. “दुसरीकडे कुठे एवढी वाढत नाहीत. कढत पाणी मिळतं ना त्यांना.”

“कढत?”

“म्हणजे कोमट. बर्फ करताना पाण्यातली उष्णता काढतो आपण, ती जाणार कुठे? त्या पाइपातून समुद्रातच जाते. सतरा-अठरा तरी असेल.”

मी काटा खाली ठेवला. एवढी वर्षं या माणसाबरोबर जेवतेय आणि ही गोष्ट तो मला आत्ता सांगत होता. क्लबमध्येही हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण बर्फाच्या कारखान्याजवळ ऊब शोधायला कोण जाईल? शिवाय इथल्या माणसाला ऊब लागते हेच मुळी इथल्या माणसाला मान्य नसतं. जुलैत अर्ध्या चड्डीत फिरणारी ही मंडळी. उबेच्या वासाने कोण कुठे जाईल हे टाउन्सव्हिलच्या बाईला कळलं पाहिजे होतं, आणि मीही तीन रविवार वेड्यासारखी तिसरा खांबच धुंडाळत बसले.

सोमवारी मी एकटीने उतरायला निघाले नाही, कारण एकट्याची नोंद होत नाही. दुपारी पोस्टात गेले आणि ट्रिशला म्हणाले, “कुलूप लाव.”

“मँगो, पेन्शनवाले येतील.”

“अर्धा तास थांबतील. त्यांना घाई असती तर ते पेन्शनीत निघाले नसते.”

पाइपाच्या तोंडाशी कालवांचा जाड थर होता. आणि त्यात, शेकोटीपाशी सरकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा, आमचा पिवळा. ट्रिशने पाण्यातच टाळ्या वाजवल्या, ज्यांचा आवाज होत नाही.

सेल्विनच्या घरी जाऊन आम्ही दोघी ओल्या केसांनी त्याच्या गालिच्यावर उभ्या राहिलो. वही तो आठवडाभर घरीच ठेवतो, आणि तिच्यात खाडाखोड करायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच येत होती. त्याने पट्टी घेऊन ‘प्रस्थान’वर एक सरळ रेघ मारली. मग पाइपाची हकीकत ऐकली आणि त्याचा चेहरा खुलला.

“हा, म्हणजे हीटर लावून बसलाय. असला कसला रहिवासी?”

“तुझ्या घरात ही लाकडाची भट्टी कशाला धडाडतेय मग?”

“ती भट्टी मी बांधली.”

“त्याने पाइप शोधला. तुला शेजारच्याची भट्टी फुकट मिळाली असती तर बांधली असतीस?”

ट्रिश खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. सेल्विन म्हणाला, “तूही पहिला हिवाळा इलेक्ट्रिक ब्लँकेटवर काढलास. रॉसची आई सांगायची, सून दुपारीही अंथरुणातून बाहेर येत नाही म्हणून.”

“आले की नाही बाहेर?”

“आलीस,” तो म्हणाला. “ऑक्टोबरात.”

पुढचे दीड-दोन महिने दर रविवारी आमचा एकच कार्यक्रम. थर्मासमधलं गरम पाणी वेटसूटच्या गळ्यातून आत ओतायचं, दातावर दात वाजवत उतरायचं, पाइपाशी जाऊन हजेरी घ्यायची, वर येऊन स्कॅलप शिंपल्यांची करीवाली पाई खायची. क्लबातले लोकही येता-जाता विचारायला लागले. बेकरीवाल्या बाईने पाई बांधताना विचारलं, “कसा आहे तुमचा?” मी म्हणाले, “बरा आहे, खातोपितो.” त्या दिवसांत मी फार खुशीत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रॉस म्हणाला, “सोमवारपासून नऊ दिवस कारखाना बंद. वर्षाची दुरुस्ती.”

“बंद म्हणजे पाइपही?”

“सगळंच.”

“पुढे ढकल.”

“लिनेट, सप्टेंबरात बोटी बर्फ मागतील. त्यांना काय सांगू, बायकोचा मासा गारठतो?”

एरवी तोही मला मँगोच म्हणतो. तेव्हाच मला कळलं की यात बदल होणार नाही. कोणी म्हणालं, बादलीत घालून घरी आण नऊ दिवस. मला ते पटेना. बादलीतला मासा बोर्डावर जात नाही, आणि मला तो बोर्डावर हवा होता. मी रविवारी सेल्विनला सांगितलं. मला वाटलं, आता हा खूश होईल.

तो खूश झाला नाही. त्याने बोर्डाकडे पाहिलं.

“करू दे बंद,” तो म्हणाला. “मग कोणी काही बोलायला नको. मीसुद्धा.”

ते नऊ दिवस मी रोज उतरले. ट्रिश दुपारचं जेवण सोडून यायची. पहिल्या दिवशी पाइपाचं पाणी थांबलं आणि माझ्या मनगटावरच्या मीटरने तेरा दाखवलं. चौथ्या दिवशी मासा कालवांच्या आत एका बुरशीसारख्या मऊ स्पंजाला चिकटून होता, रंग उतरलेला, कल्ले जेमतेम हलत होते. सहाव्या दिवशी मला तो दिसलाच नाही, ट्रिशला दिसला. त्या दिवशी मी घरी येऊन रॉसशी बोलले नाही, जणू समुद्र त्यानेच गार केला होता. आठव्या दिवशी तो एका बाजूला कलला होता. मी पाण्यात त्याच्यासमोर तीस मिनिटं थांबले. मला वाटत होतं, मी गेले तर हाही जाईल. मनातल्या मनात त्याला सांगत होते, की अरे, एवढा ऑगस्ट काढ, ऑगस्टच काय तो वाईट असतो, मी काढलाय.

दहाव्या दिवशी सकाळी पाइप पुन्हा वाहू लागला. दुपारी आम्ही गेलो तेव्हा पिवळा पाइपाच्या तोंडाशी उभा राहून एका कालवाला टोच मारत होता. माझ्या जिवात जीव आला. रॉसला मी त्या रात्री त्याच्या आवडीचं मटण केलं आणि त्याने मुद्दाम काही विचारलं नाही.

यंदा एक सप्टेंबर रविवारीच आला. शेडमध्ये दहा-बाराजण जमले होते, रॉससुद्धा, एरवी तो तिकडे फिरकत नाही. आम्ही उतरलो. पिवळा पाइपाशी नव्हता. तो पुन्हा आपल्या जुन्या तिसऱ्या खांबावर आला होता, अंगठ्यापेक्षा मोठा झालेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

“दोघींनी पाहिला,” मी शेडमध्ये येऊन म्हणाले. अंगावरून पाणी ठिबकत होतं. “तिसरा खांब. काढ रंग.”

सेल्विनने वहीत हजेरी टाकली आणि वही मिटली. “बोर्डाचं बघू नंतर.”

“नंतर म्हणजे?”

“मँगो, पाणी तेरावर होतं ना ऑगस्टात?”

“होतं.”

“माझ्या वेळी ऑगस्टात अकराच्या वर कधी गेलं नाही. बघ,” त्याने बोर्डावरच्या पहिल्या नावाकडे बोट केलं. “केल्प. त्या टोकापलीकडे मी त्याच्या रानात उतरायचो, वरचं ऊन खालपर्यंत पोचायचं नाही एवढं दाट. आठ वर्षं झाली, तिथे एक दोरी राहिलेली नाही. मी ते नाव पुसलं नाही. आता तुझ्या पिवळ्याचं नाव लिहिलं, की समुद्र बदलला हे मी मान्य केलं असं होईल.”

मला त्याचं ऐकून गलबललं, आणि त्याच वेळी डोक्यात तिडीकही गेली. दोन्ही एकदम.

“केल्प गेला त्यात या पोराचा काय दोष?” मी म्हणाले. “तो प्रवाहाबरोबर आला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. आला, थंडी काढली, नऊ दिवस मरता मरता वाचला, आता आपल्या खांबावर राहतोय. अजून किती हिवाळे काढायचे त्याने? एकतीस?”

एकतीस तोंडातून निसटलं. ट्रिशने माझ्याकडे पाहिलं.

मला मागे हटायचं नव्हतं. मी त्याच्या मांडीवरची वही उचलली. आजवर कोणी उचलली नव्हती. “तुझाच नियम आहे. हे बघ, शेकडो आले, एकाचाही प्रस्थानाचा रकाना रिकामा नाही. हे बघ २०१०. हे २००१. हे ९३...”

माझं बोट थांबलं.

१९९३च्या पानावर, दोन माशांच्या मधे, सेल्विनचंच अक्षर होतं. ‘लिनेट. टाउन्सव्हिलहून. आगमन १४ मार्च.’ पुढे नियमाप्रमाणे दोन सह्या, एक सेल्विनची आणि एक रॉसची. प्रस्थानाचा रकाना रिकामा.

मी आधी नवऱ्याकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“तू सही केलीस?”

“दोघांनी बघायला लागतं ना,” रॉस म्हणाला. “मी बघितलं होतं तुला.”

“गंमत होती ती,” सेल्विन म्हणाला. “आम्हाला वाटलं, पहिल्या हिवाळ्यात पळशील.”

“मग?”

“मग नाही पळालीस.”

“ते ९३मध्येच कळलं असेल.”

“कळलं. पण तोवर मला तुला मँगो म्हणायची सवय लागली होती.” तो खुर्चीत हलला. “आणि तू व्हार्निशचा डबा घेऊन चढलीस तेव्हा मी ओरडलो. नंतर सांगायला हवं होतं. राहून गेलं.”

एवढं बोलायला त्याला बावीस वर्षं लागली. मी नुसती वही धरून उभी राहिले. मी इतकी वर्षं जिच्यासाठी कुढत होते ती गोष्ट त्याच्या मांडीवर दर रविवारी पडलेली होती, आणि मला राग यायला हवा होता. तो आला नाही. आतून कुठून तरी गरम पाणी सोडल्यासारखं वाटलं.

सेल्विन भिंतीला धरून उठला. कपाटातून त्याने पांढऱ्या रंगाचा छोटा डबा काढला आणि एक ब्रश. डबा न उघडलेला होता. ब्रशवरचं कागदी वेष्टणही तसंच होतं. म्हणजे म्हाताऱ्याने ते आधीच आणून ठेवलं होतं.

“घे,” तो म्हणाला.

“मी?”

“माझा हात थरथरतो. आणि बोर्डाचं काम रहिवाशांनीच करायचं असतं.”

रॉसने स्टूल आणून ठेवलं. मी वेटसूटमध्येच गुडघ्यांवर बसले, कारण रिकामी जागा अगदी खाली होती. स्टूल लागलंच नाही. फुलपाखरू मासा, एवढं लिहायला मला पंधरा मिनिटं लागली. मधेच एकदा सेल्विन मागून म्हणाला, “वरचं नाव पुसू नकोस.”

“कोण पुसतंय?” मी म्हणाले.

लिहून झाल्यावर मी मागे सरकले. अक्षरं शेवटाकडे उतरत गेली होती. सेल्विन जवळ आला, चष्मा सारखा करून वाकला आणि एक बोट पुढे केलं.

“वाकडं झालंय,” तो म्हणाला.

“हात लावू नको. ओलं आहे अजून.”

त्याने हात मागे घेतला.